आसरांचा कोंबडा, साहेबांची मासोळी

भगवंतरावांच्या जिभेवर एक वाक्य पेरलेलं होतं आणि ते बारमाही उगवायचं. ‘होऊन जाईल, साहेब.’ कचेरीचं छप्पर गळो, मोजणीची साखळी हरवो, की दौऱ्यावरच्या साहेबांना भर वैशाखात ताजी कोथिंबीर हवी असो, भगवंतराव टोपी नीट करायचे आणि म्हणायचे, होऊन जाईल. कोथिंबिरीचं तरी खरंच होऊन जायचं. वाशीमच्या वेशीबाहेर, विहिरीच्या काठाला त्यांचा वाडवडिलांचा मळा होता आणि तुळसाबाई त्यात मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर अशी पिकवायची की बाजारात पाटी खाली ठेवायच्या आत ती रिकामी व्हायची. बाकीची कामं कशी व्हायची ते त्या कामांनाच ठाऊक.

त्या साली वऱ्हाड अजून मध्यप्रदेशात होतं आणि हुकूम नागपुराहून यायचे. पावसाळा सरता सरता असाच एक हुकूम आला. बडे बाबू भगवंतराव यांची बदली सिरोंचास. सिरोंचा म्हणजे नकाशाच्या कागदाची घडी जिथं फाटते तिथलं गाव. मध्ये किती नद्या लागतात याबद्दल कचेरीत दोन पक्ष पडले, परंतु तिकडे गेलेला बाबू ओळखू येईल असा परत येत नाही यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं.

तुळसाबाईनं हुकूम ऐकला, वांग्याचं रोप हातातच धरलं आणि विचारलं, “अन् ही हीर कोन नेईन तिकडं?”

प्रश्न रास्त होता. विहीर नेता येत नाही, आणि तुळसाबाई विहिरीला सोडून जाणार नाही. माळ्याच्या लेकीची नाळ पाण्याशी बांधलेली असते. म्हणजे भगवंतरावांना एकट्यानं जाणं आलं, हातानं भाकरी थापणं आलं आणि संध्याकाळी मोटेच्या चाकाची कुरकुर ऐकल्याशिवाय अन्न गोड लागत नाही हे परक्या मुलखात कुणालाही सांगता न येणं आलं. एकच माणूस हे थांबवू शकत होता. नवे साहेब. त्यांनी ‘इथे गरज आहे’ अशी एक ओळ लिहिली असती तर हुकूम आल्या वाटेनं परत गेला असता.

भगवंतराव अर्ज घेऊन बंगल्यावर गेले, तर साहेब पत्र्याची एक डबी उघडून घरात गमी झाल्यासारखे बसलेले. डबीत एक लांब दांडीचा गळ होता, त्याला चंदेरी तारेचे दोन-चार वेढे होते आणि शेपटाशी अर्धं पीस. बाकीचं कसर खाऊन गेली होती.

साहेबांना मासे धरायचा नाद. तोही साधा नाही. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. गळावर पिसं अशी बांधायची की पाण्यात ओढली म्हणजे बारीक मासोळी पोहते आहे असं मोठ्या माशाला वाटावं. या चिजेला साहेब ‘स्ट्रीमर’ म्हणत. त्यांच्या जुन्या इंग्रज साहेबानं देश सोडून जाताना ही त्यांच्या हातावर ठेवली होती, आणि आता तसला माल विलायतेहून येत नव्हता. साहेब तिचे गुण सांगू लागले ते एखाद्यानं गेलेल्या बैलाचे सांगावेत तसे. नदी असो की तलाव, पाणी नितळ असो की गढूळ, वर ओढा तर वर पोहते, खोल सोडा तर खोल जाते, कुठंही टाका, काम करते. ते ऐकून भगवंतरावांच्या मनात आलं की सरकारला बाबूही अगदी असाच हवा असतो, म्हणून तर सिरोंचा.

साहेबांनी उसासा टाकून विचारलं की इकडे असं काही कोणी बांधून देईल का. उत्तराची अपेक्षा त्यांना नव्हती. पण जिभेवर पेरलेलं वाक्य अपेक्षेची वाट बघत नाही.

“होऊन जाईल, साहेब.”

साहेबांनी मान वर केली. या गावात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी भगवंतरावांकडे माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग म्हणाले, दिवाळीनंतर पैनगंगेचं पाणी निवळलं की डोहावर जाऊ, तुमचा अर्जही तिथेच आणा, निवांत बघू. आणि ती डबी, नमुना म्हणून, भगवंतरावांच्या हातात दिली.

इथं एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. भगवंतरावांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तीन पिढ्यांत त्यांच्या घरात मासळीचा वास आला नव्हता, आणि कोंबडीचं पीस त्यांनी हात लावून बघितलं नव्हतं. साहेबांनी मात्र सांगितलं होतं की धरलेला मासा ते पुष्कळदा सोडूनही देतात. त्या ‘पुष्कळदा’ला भगवंतरावांनी बुडत्यानं काडीला धरावं तसं धरलं आणि घरी आले.

घरासमोर रंगराव राहत. रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. पूर्णा ते खंडवा अशा उभ्या आयुष्यात त्यांच्या डब्यातून ज्या ज्या वस्तू गेल्या त्या सगळ्यांबद्दल त्यांना माहिती होती आणि ती माहिती ते गाडी सुटायच्या आवाजात द्यायचे. त्यांनी डबी उजेडात धरली. आधी म्हणाले मोर. मग म्हणाले पोपट. मग चष्मा लावला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं की भगवंतरावांना कोंबडा पाहिजे. म्हणजे कोंबड्याच्या कंठाची पिसं पाहिजेत, लांब, तांबूस, मधून काळी रेघ असलेली. पण हे दुसरं वाक्य त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, त्यामुळे आळीला फक्त पहिलं कळलं.

संध्याकाळपर्यंत भजनी मंडळातल्या दोघांनी रस्त्यात रामराम घेतला नाही.

बाजारातल्या कोंबड्या विकणाऱ्याकडे जाणं आता शक्य नव्हतं. तेव्हा भगवंतरावांनी रविवारी सायकल काढली आणि पैनगंगेच्या अंगाला लमाण तांडा होता तिकडे निघाले. तांड्यात ओळखीचं कोणी भेटणार नाही हा हिशेब. तो इतका बरोबर निघाला की तांड्यात कोणीच भेटलं नाही. माणसं शेतावर, बाया सरपणाला. आणि शेणखताच्या ढिगावर, उन्हात, एकटा उभा होता तो.

काय त्याचा तोरा सांगावा. कंठ सोन्याचा, पाठ गेरूची, शेपूट अशी वाकलेली की नवरदेवाच्या पागोट्याचा शेमला. मान वळवली की उन्हात हळद सांडल्यासारखी वाटावी. डाव्या पायात लाल धागा होता आणि डोक्यावर तुऱ्याच्या मुळाशी काही तांबडं लावलेलं होतं. वऱ्हाडातल्या कुठल्याही पोराला एवढं बघून जे कळलं असतं ते भगवंतरावांना कळलं नाही, कारण त्यांचा कोंबड्याशी संबंध हा जन्मातला पहिलाच. त्यांना वाटलं, मालकानं निशाणी केली असेल. मेंढ्यांना रंग लावतात तशी.

त्यांनी हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही. मग त्यांनी खिशातले फुटाणे टाकले. कोंबडा आला. भगवंतरावांनी मनात देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि कंठाची जी पिसं चिमटीत आली ती ओढली. कोंबड्यानं त्याच क्षणी जो टाहो फोडला त्यानं लांबच्या शेतातली माणसंही उभी राहिली.

सरपणाचा भारा टाकून पहिली आली ती रामीबाई. म्हातारी, काटक, हातात दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्यांची बलोती. तिनं कोंबड्याकडे बघितलं, भगवंतरावांच्या चिमटीकडे बघितलं आणि मटकन खाली बसली. रडली नाही, ओरडली नाही. तेच भगवंतरावांना फार लागलं.

“बाबू, पायातला धागा दिसला नाई का तुले?”

“दिसला. मले वाटलं निशानी असंन. हरवू नये म्हून.”

“निशानीच हाये,” रामीबाई म्हणाली. “पन आमची नाई. तिची.” आणि तिनं नदीकडे बोट केलं.

पैनगंगेच्या त्या डोहात साती आसरा राहतात. पाण्यातल्या बाया. त्यांच्या मनात आलं तर माणूस ओढतात, मनात आलं तर काठाला आणून ठेवतात. श्रावणात रामीबाईची नात पाय घसरून डोहात गेली होती. सगळ्यांनी आशा सोडली तेव्हा पोरगी खालच्या वळणावर, करंजाच्या मुळीला धरून, रडत बसलेली सापडली. म्हातारीनं त्याच घडीला आसरांना नवसाचा कोंबडा बोलला होता. तांड्यातला सगळ्यात देखणा. येत्या अवसेला तो वाहायचा होता.

आणि बोललेल्या जनावराला खोड चालत नाही. शिंग मोडलेला बोकड चालत नाही, डोळा फुटलेला चालत नाही, तसा कंठ उघडा पडलेला कोंबडाही चालत नाही. देवीला उष्टं वाढल्यासारखं होतं.

तांड्याचे नाईक दौलतसिंग आले. पांढऱ्या मिशा, डोक्याला लाल पागोटं, बोलणं सावकाश. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भगवंतरावांनी दुसरा कोंबडा आणून देतो म्हटलं. दौलतसिंगांनी मान हलवली. बोलला तो बोलला, अदलाबदल करायला हा काही बाजार नाही.

“बाबूसाहेब, तुमच्या कचेरीत कागद फाटला त कोन भरून देते?”

“ज्यानं फाडला तो.”

“मंग,” दौलतसिंग म्हणाले.

न्याय असा झाला: नवस पुढं ढकलायचा. कोंबड्याची पिसं भरून येईपर्यंत त्याला ज्यानं खोड केली त्यानं सांभाळायचं, खाऊ घालायचं, केसाला धक्का लागू द्यायचा नाही. पिसं भरली की आणून द्यायचा. कचेरीच्या भाषेत याला काय म्हणायचं याचा भगवंतराव परतीच्या वाटेवर विचार करत होते, तोवर मागच्या टोपलीतला कोंबडा वाशीमच्या बाजाराच्या ऐन चौकात सुटला. तो धरायला भगवंतराव पळाले, त्यांच्या गळ्यातली माळ पळाली आणि मंडळाचे मृदंग वाजवणारे बुवा, जे नेमके कापूर घ्यायला आले होते, त्यांनी हे सगळं डोळे भरून पाहिलं. कोंबडा शेवटी त्यांच्याच धोतराआड सापडला.

तुळसाबाई दारात उभी होती.

“ह्याले घरात पाय ठेवू देनार नाई,” ती म्हणाली. “अन् ह्याले दुसरीकडं ठेवून आल्याबिगर तुमाले बी.”

म्हणून कोंबडा मळ्यात गेला. आता मळ्यात कोंबडा म्हणजे काय हे माळ्यालाच विचारावं. पहिल्या सकाळी त्यानं मेथीचा वाफा उकरला. दुसऱ्या सकाळी सांबाराचा. त्यानंतर त्यानं वांग्याची रोपं घेतली, आणि ती एकेक काढून, जणू मोजणीला आल्यासारखी, ओळीनं बाजूला ठेवली. बांधून घालावं तर दोरीचा पायाला वळ उमटेल आणि नवी खोड होईल. टोपलीखाली झाकावं तर तुरा घासला जाईल. केसाला धक्का लागू द्यायचा नाही या अटीवर एवढं सुख भोगणारा दुसरा प्राणी भगवंतरावांना आठवत होता तो फक्त साहेब.

रंगराव रोज सकाळी कंठ तपासायला यायचे. त्यांच्या मते एरंडेल लावलं की पिसं लवकर फुटतात. एरंडेल लावलं. त्याला माती चिकटली आणि सोन्याचा कंठ मडक्यासारखा दिसू लागला. मग त्यांच्या मते रिठ्यानं धुवायला हवा होता. कचेरीतला बडा बाबू आणि रेल्वेचा माजी गार्ड विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर कोंबड्याला न्हाऊ घालताहेत हे दृश्य बघायला आळीतली माणसं भाजी घ्यायचं निमित्त काढून आली. भाजी उरली नव्हती ही गोष्ट वेगळी.

मंडळाचं भजन दर गुरुवारी भगवंतरावांच्या ओसरीवर व्हायचं. ते बुवांनी स्वतःच्या ओसरीवर नेलं. कारण सांगितलं नाही. आजवर भगवंतरावांना कोणी कशात धरलं नव्हतं तरी चालत होतं, पण टाळ त्यांचे होते, आणि ते टाळ नेताना बुवांनी ते धुऊन घेतले. घाव बसला तो तिथं.

इकडे तुळसाबाईचं मात्र निराळंच चाललं होतं. तिनं चार दिवस कोंबड्याकडे पाठ केली. मग एका पहाटे भगवंतराव जागे झाले ते जात्याच्या घरघरीनं, आणि जात्यावर ती गात होती:

कोंबड्या राजसा, नको घालू रे साद
माह्या धन्याच्या डोक्यात, माशाचा रे नाद

कोंबड्या राजसा, तुहा कंठ रे सोन्याचा
दोन दिसाचा पाव्हना, पानी माग हिरीचा

भगवंतरावांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. बायको ज्याच्यावर ओवी घालते त्याच्याशी वैर करण्यात अर्थ नसतो, हे त्यांना संसारानं शिकवलं होतं.

राहिली मासोळी. पिसं होती. चंदेरी तार हवी होती. जरीची तार तीच असते असं रंगरावांनी सांगितलं, आणि वाशीममध्ये अस्सल जर म्हणून भगवंतरावांना ठाऊक होती ती एकच, तुळसाबाईच्या लग्नातल्या शालूची. त्यांनी फक्त आतल्या बाजूचा, निरीत जातो तो काठ उसवला. दिसणार नाही असा. तुळसाबाईला तो त्याच दिवशी दिसला. ती काही वेळ शालू मांडीवर घेऊन बसली.

“माह्या लग्नाचा शालू माशाले नेसवला तुमी,” ती म्हणाली.

मग ती उठली आणि आपल्या हातानं आणखी वीतभर तार काढून दिली. एवढी कमी पडेल म्हणाली, आणि धनी सिरोंच्याला गेला तर शालू नेसायचा तरी कुणासाठी.

आता वरची गाठ बसवायला लाख हवी. लाख कचेरीत टपालाच्या पाकिटांवर लागते, पण ती भांडारबाबूच्या ताब्यात, आणि भांडारबाबू पाकीट दाखवल्याशिवाय लाख देत नसे. पाकीट नाही म्हटलं तर म्हणाला मोहर कशावर लावणार. भगवंतरावांना खरं सांगता येईना, म्हणून त्यांनी साहेबांच्या खासगी कामाला म्हटलं. भांडारबाबूनं खासगी कामाला सरकारी लाख देता येत नाही हा नियम वाचून दाखवला. सरकारी काम आहे म्हटलं तर कोणतं ते विचारलं. अखेर भगवंतरावांनी ‘पैनगंगेतील जलचरांच्या पाहणीकरिता’ असं सांगितलं, तेव्हा कुठं बोटाच्या पेराएवढी लाख मिळाली. ती मिळाली खरी, पण वर नाव नोंदवताना पाहणी कधी संपणार हेही त्यानं विचारून घेतलं.

भगवंतराव मासोळी बांधायला बसले तेव्हा त्यांची बोटं कचेरीत गाठी मारायला सरावलेली होती. नाडी, फाइल, गठ्ठा. त्यांनी मासोळीही तशीच बांधली. डबीतल्या गळाच्या दांडीवर जर गुंडाळली, तिच्यावर पिसं मागं झुकवून ठेवली, दोऱ्याचे आडवे वेढे घेतले आणि वर लाख वितळवून टिपूस सोडला. पहिल्यांदा गळ बोटात शिरला. दुसऱ्यांदा पिसं उलटी लागली. तिसऱ्यांदा जे तयार झालं ते त्यांनी घमेल्यातल्या पाण्यात सोडलं आणि दोऱ्यानं हळूच ओढलं.

पिसं मिटली, उघडली. जर चमकली. घमेल्यात एक मासोळी पोहून गेली.

तुळसाबाई वाकून बघत होती. तिनं बोटानं पाणी हलवलं आणि आणखी एकदा ओढा म्हणून खूण केली. गेल्या कैक आठवड्यांत भगवंतरावांच्या वाट्याला आलेलं सुख म्हणतात ते एवढंच.

दिवाळी सरली. पाणी निवळलं. साहेबांची जीप मळ्यापाशी येऊन थांबली आणि रंगराव न बोलावता मागं चढून बसले. भगवंतरावांनी अर्ज घामानं खराब होऊ नये म्हणून घडी करून टोपीत ठेवला होता. मासोळी साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती उलटसुलट केली, लाखेच्या तांबड्या डोक्यावरून अंगठा फिरवला आणि जीप सुरू केली. चांगली की वाईट हे त्यावरून कळेना.

डोहावर दौलतसिंग आणि रामीबाई आधीच येऊन बसले होते. कोंबड्याची पिसं पाण्यात जाणार आहेत हे तांड्याला कसं कळलं हे रंगरावांनाच ठाऊक. दौलतसिंगांनी साहेबांना रामराम केला आणि काठावर शेंदूर लावलेले सात गोटे होते त्यांच्याजवळ मांडी घातली.

साहेबांनी लांब, लवलवती काठी हातात घेतली. दोर मागं फेकला, पुढं फेकला, मागं फेकला. हवेत दोर असा नाचू लागला की भगवंतराव बघतच राहिले आणि बघता बघता एक पाऊल पुढं सरकले. मागून आलेल्या मासोळीनं त्यांच्या टोपीचा काठ पकडला. टोपी उठली, साहेबांच्या डोक्यावरून गेली, डोहाच्या मध्यावर जाऊन बसली आणि सावकाश कलंडली.

साहेबांनी टोपी ओढून आणली. टोपी आली. अर्ज आला नाही. पांढरा कागद डोहात फिरत फिरत खाली जाताना सगळ्यांनी पाहिला.

“काय होतं त्याच्यात?” रामीबाईनं विचारलं.

“अर्ज होता,” भगवंतराव म्हणाले. “बदली थांबवायचा.”

“मंग बरं झालं,” म्हातारी म्हणाली. “तिच्याजवळ पोचला.”

तिचा उद्देश धीर देण्याचाच असावा. पण ज्याची विहीर, मळा, बायको आणि मोटेची कुरकुर त्या कागदावर होती त्याला धीर आला नाही. ओली टोपी पिळत भगवंतराव उभे राहिले आणि ज्या दिवशी जिभेवर ते वाक्य उगवलं त्या दिवसाला मनातल्या मनात बोल लावत राहिले.

साहेबांनी दुसऱ्यांदा दोर टाकला. मासोळी काळ्या पाण्यात शिरली. साहेब थोडं ओढायचे, थांबायचे, पुन्हा ओढायचे. ऊन पाण्यावर तिरपं पडलं होतं आणि पाण्याच्या पोटात, खोल, जर एकदा लकाकली.

मग पाणी फुगलं. मांडीएवढी मरळ असावी, किंवा दौलतसिंगांना विचारलं तर तसं नसावंही. काठी कमानीसारखी वाकली. साहेब गुडघाभर पाण्यात गेले, त्यांचे बूट गेले, त्यांचा साहेबपणा गेला. ते लहान पोरासारखे ‘धरा, धरा’ म्हणू लागले. रंगरावांनी भगवंतरावांना धरलं. काय धरायचं ते त्यांना कळलं नव्हतं. आणि कटकन आवाज झाला. काठी सरळ झाली. दोर रिकामा परत आला.

डोह मिटला. जसा काही इथं कोणी आलंच नव्हतं.

साहेब पाण्यात उभे होते. त्यांनी दोराचं तुटलेलं टोक हातात घेतलं. भगवंतरावांना सिरोंचा दिसू लागलं. अगदी स्पष्ट, त्यातल्या चुलीच्या धुरासकट.

रामीबाई उठली. पाण्याशी गेली, पदर पुढं घेतला आणि हात जोडले.

“घेतलं मायनं,” ती म्हणाली.

दौलतसिंगांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांनी जो निवाडा दिला तो कुठल्याही कचेरीला साधला नसता. नवस कोंबड्याचा होता. कोंबड्याच्या अंगचं आसरांनी आपल्या हातानं मागून घेतलं. कोणी वाहिलं नाही, त्यांनीच ओढून नेलं. म्हणजे नवस पोचला. आता त्या कोंबड्यावर सुरी नाही. तो विकायचा नाही, कोणाला द्यायचा नाही, नदी ओलांडून न्यायचा नाही. तो देवीचा.

“अन् सांभाळनार कोन?” भगवंतरावांनी विचारलं. आवाज त्यांचाच होता, पण त्यांना तो ओळखू आला नाही.

“ज्याच्या हातानं पिसं गेली तो,” दौलतसिंग म्हणाले. “त्याले आता दुसऱ्याच्या हातचं चालनार नाई.”

भगवंतराव खाली बसले, जसं त्या दिवशी खताच्या ढिगाजवळ म्हातारी बसली होती. आता ते सिरोंच्याला गेले तर देवीचा अपराध, आणि न गेले तर सरकारचा.

साहेब पाण्यातून बाहेर आले. बुटातलं पाणी ओतलं. त्यांना मराठी चांगली कळत होती, पण कळते असं ते एरवी दाखवत नसत. त्यांनी दौलतसिंगांना विचारलं की देवीच्या कोंबड्याची पिसं घेतलेली चालतात का. दौलतसिंग म्हणाले, उपटली तर पाप आहे, पण वर्षाकाठी आपसूक गळतात ती ज्यानं वेचली त्याची. साहेबांनी विचारलं, वेचणार कोण. दौलतसिंगांनी भगवंतरावांकडे बोट केलं. साहेबांनी विचारलं, हे परगावी गेले तर. दौलतसिंगांनी खांदे उडवले आणि सांगितलं की मग पिसंही गेली, साहेब, अन् पुढं कायबी झालं त आमच्यावर नाई.

साहेब पुन्हा डोहाकडे बघत राहिले. खाली कुठंतरी, काळ्या पाण्यात, ती मरळ भगवंतरावांनी बांधलेली मासोळी ओठात घेऊन फिरत होती. जीपमध्ये बसताना ते फक्त एवढंच म्हणाले, “तुमची गाठ सुटली नाही, बाबू. दोर तुटला.”

सोमवारी सिरोंच्याचा हुकूम नागपूरला परत गेला. त्यावर साहेबांच्या अक्षरात एकच ओळ होती. या बाबूंची स्थानिक कामाकरिता येथे निकड आहे.

कचेरी चार दिवस त्या ओळीवर बोलत होती. भांडारबाबूला वाटलं जलचरांची पाहणी वाढली असणार. बुवांना वाटलं मोठा हात फिरला असणार, आणि त्यांनी गुरुवारी टाळ परत आणून ओसरीवर ठेवले, पुसून. रंगरावांनी मात्र सगळ्या आळीसमोर, गाडी सुटायच्या आवाजात, विचारलंच.

“भगवंतराव, सांगून टाका. वशिला कोनाचा लागला?”

भगवंतरावांनी तोंड उघडलं. होऊन जाईल म्हणायची जागा ती नव्हती. ते मळ्याकडे निघाले. सकाळचं ऊन नुकतं पडलं होतं. तुळसाबाई नव्यानं वांग्याची रोपं लावत होती आणि मोट कुरकुरत होती. त्यांनी धोतराच्या ओच्यात जोंधळे घेतले, पाण्यानं आक्रसलेली टोपी डोक्यावर दाबून बसवली आणि वाफ्यात एक गळालं पीस पडलं होतं ते उचलून जपून टोपीत खोचलं.

वशिला कुंपणावर उभा होता. कंठ भरत आला होता. त्यानं मान ताणली, सगळ्या वाशीमला ऐकू जाईल असा आरवला आणि खाली उतरून नव्या रोपांकडे निघाला.